मुलाणीबाईंचा मसुदा

एलएल.एम.च्या पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाला उभं राहून थोडक्यात बोलायला सांगितलं. नाव, काम आणि ही पदवी कशासाठी हवी. वर्ग नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांचा होता. तास पुण्यात, शनिवार-रविवारी. बाकीची व्याख्यानं रेकॉर्ड केलेली, ज्याने त्याने सवडीने ऐकायची. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पुरा करायची मुभा होती. त्यामुळे वर्गात तिशीतले नोकरदार जास्त. कुणाला बढती हवी होती, कुणाला न्यायाधीशाची परीक्षा द्यायची होती. बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तर रविवारी घरी शांतता मिळत नाही असं खरं कारण सांगून टाकलं. मी तळेगावच्या एका कारखान्यात कायदा विभागात होते. मी म्हटलं, "ज्ञानात भर पडावी म्हणून."

मग शेवटच्या बाकावरून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगावर फिकट सुती साडी आणि हातात शाळकरी मुलं वापरतात तशी लांब रेघी वही.

"जमीला मुलाणी. कामशेत. तेवीस वर्षं वकिली, दिवाणी. माझ्याकडे हक्कसोडपत्राचा एक मसुदा आहे, माझ्या सीनियरांनी दिलेला. तेवीस वर्षं तोच वापरतेय. तो बरोबर आहे का, ते बघायला आले."

वर्ग हसला. सरही हसले. बाई हसल्या नाहीत. खाली बसून त्यांनी वहीत तारीख घातली आणि आता सुरू करा अशा अर्थाने सरांकडे पाहिलं.

हक्कसोडपत्र मावळात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाप गेला की जमिनीत मुलांइतकाच मुलींचाही वाटा येतो. तो वाटा आपण भावासाठी सोडला, असं बहिणीने लिहून द्यायचं आणि सरकारी कार्यालयात जाऊन त्याची नोंदणी करायची. शेतांवर बंगले उभे राहायला लागल्यापासून हे काम वाढलं, आणि आमच्या पट्ट्यात ते बरंचसं मुलाणीबाईंकडेच असे. त्या कमी बोलत, कागद लवकर करून देत आणि त्यांच्या दस्तात कधी चूक निघत नसे.

मी लोणावळ्याहून गाडी घेऊन जायचे. कामशेतला जुन्या रस्त्याच्या कडेला बाई उभ्या असायच्या, म्हणून पहिल्या महिन्यापासूनच आमचं येणं-जाणं एकत्र झालं. गाडीत बसल्यावर त्या गप्पा मारत नसत. रस्त्याकडेचे फलक मोठ्याने वाचत. प्लॉटच्या जाहिरातींचे फलक तर त्यांच्या विशेष आवडीचे. "निसर्गाच्या कुशीत, क्लिअर टायटल," असं वाचून त्या थांबायच्या आणि फलकालाच विचारायच्या, "कुणी क्लिअर केलं?"

त्यांचं ऑफिस म्हणजे भावाच्या तांदळाच्या दुकानाला लागून असलेली एक खोली. वडिलांचं दुकान आता धाकटा भाऊ युसूफभाई चालवायचा. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, अशिलांसाठी एक बाक, आणि सगळ्या कागदांना नव्या तांदळाचा वास. मी एकदा विचारलं होतं, वडिलांच्या मालमत्तेत तुमच्या वाट्याला काय आलं म्हणून.

"आमच्या कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मं. मला ही खोली आली."

"निम्मी होते का?"

"मोजली नाही," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नसतंच.

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सतत येई: "ते तुमचं मत झालं. कागद काय म्हणतो?" हे वाक्य त्या अशिलांना म्हणत, समोरच्या वकिलाला म्हणत, आणि वर्गात एकदा सरांनाही म्हणाल्या. सर वयाने त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, परदेशात शिकून आलेले. कुठल्याशा निवाड्याबद्दल ते जोरात बोलत होते. बाईंनी हात वर केला आणि ते वाक्य मूळ निकालपत्रात कुठल्या परिच्छेदात आहे असं विचारलं. सरांनी शोधलं, ते सापडेना. पुढच्या रविवारी त्यांनी वर्गासमोर कबूल केलं की ते वाक्य निकालात नव्हतंच, कुणाच्या तरी लेखात होतं. तेव्हापासून सर बाईंना जरा बिचकून असत. बाई मात्र त्यांना दर वेळी उभं राहून "सर" म्हणत.

इंग्रजीची त्यांना अडचण होती. वाचताना अडत नसत, ऐकताना अडायच्या. म्हणून रेकॉर्ड केलेली व्याख्यानं त्या वेग कमी करून लावत. सरांचा तरणाताठा आवाज त्यांच्या मोबाइलमधून असा यायचा, की माणूस गाढ झोपेतून बोलतोय असं वाटावं. दुपारी अशील नसले की बाई लसूण सोलत ते ऐकायच्या, आणि अशील आले तरी बंद करायच्या नाहीत. पवनेकडच्या एका गावातले एक आबा तारखेची चौकशी करायला यायचे. ते बाकावर बसून हे लांबलेलं इंग्रजी भक्तिभावाने ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "ह्ये कोन म्हाराज?"

"महाराज नाहीत आबा, मास्तर आहेत माझे. एका बाईची केस सांगतायत. तिला घरातून काढलं, ती वरच्या कोर्टात गेली."

आबा त्या दिवशी तारीख घेऊन गेले. पंधरा दिवसांनी परत आले ते स्वतःच्या दाव्याचं काही न विचारता आधी म्हणाले, "मंग त्या बाईचं काय झालं?" बाईंनी लसूण बाजूला ठेवून त्यांना सगळा निकाल समजावून सांगितला. अर्धा तास. मी समोर होते. वर्गात मला तो निकाल नीट कळला नव्हता, तिथे कळला.

पहिल्या वर्षी न्यायशास्त्राच्या पेपरात बाई नापास झाल्या. हे मी सांगायची गरज नव्हती, कारण त्यांनी ते स्वतःच सगळ्यांना सांगितलं. कोर्टाच्या बार रूममध्ये कुणीतरी टोमणा मारला, "काय मुलाणीबाई, या वयात निकाल विरुद्ध गेला म्हणे?" बाई म्हणाल्या, "गेला. निकाल बरोबर आहे, अपिलात जात नाही." आणि सहा महिन्यांनी तोच पेपर परत दिला. पन्नासच्या वर गुण पडले, तेव्हा मात्र ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला यादीत पाहून कळलं.

तिसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायचा होता. सरांनी नव्या काळाचे चार-पाच विषय सुचवले, संगणक, माहितीचा हक्क, असे. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "सर, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मला माझा मसुदा तपासायचाय."

मसुद्याच्या शेवटी एक वाक्य होतं. अशा प्रत्येक दस्तात असतं. "सदरचा मजकूर मी वाचून, समजून-उमजून, कोणाच्याही दडपणाशिवाय राजीखुशीने लिहून दिला असे." बाईंचं म्हणणं असं होतं, की जिने लिहून दिलं तिला जाऊन विचारायचं, वाचला होता का? समजला होता का? एवढाच प्रबंध. सरांना तो फार साधा वाटला. पण त्यांनी परवानगी दिली.

मग वर्षभर बाई सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरत राहिल्या. मळवली, कार्ल्याची बाजू, पवनेच्या काठची गावं. ज्यांनी हक्कसोडपत्र केलं होतं अशा बायकांकडे जायचं, पडवीत बसायचं, ठरलेले आठ प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायची. प्रबंधात कुणाचं नाव यायचं नव्हतं. प्रत्येकीला एकेक अक्षर दिलं होतं. दोन-तीनदा गाडी घेऊन मीही बरोबर गेले.

एका रविवारी परत येताना बाईंनी गाडीतच वही उघडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझं माहेर कुसगावचं ना? वडील गेल्यावर तू सही केलीस का?"

"केली."

"वाचलं होतंस?"

मी तेव्हा वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली होते. दोन भाऊ, त्यांचं हॉटेल, आई समोर बसलेली. मी म्हटलं, "नाही वाचलं."

"का?"

"वाचत बसले असते तर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला 'ठ' हे अक्षर मिळालं. त्यावर त्यांनी उपदेश केला नाही. मीही पुढे काही केलं नाही. हे लिहिताना ते सांगून टाकणं बरं.

मळवलीच्या अलीकडे एका वाडीत पारूबाई राहायच्या. पंचावन्नच्या आसपास, नवरा नाही, लोकांच्या बंगल्यांची देखभाल करून पोट भरत. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांचा भाऊ दत्तू तिथून जवळच, माहेरच्या गावी शेती करायचा. त्या दिवशी मी बरोबर होते. पारूबाईंनी चहा ठेवला, बाईंनी वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, सही करण्याआधी कागद वाचला होता का?

पारूबाईंनी चुलीकडून मान वळवून पाहिलं. "तुमी मलाच इचारताय व्हय?"

"का हो?"

"तुमीच तर व्हता तितं, वकीलबाई. मी म्हनलं, ह्ये कसलं हाय? दत्तू म्हनला, बापाच्या जागी आपली नावं लावायचीत. मी तुमच्याकडं बघितलं. तुमी घड्याळाकडं बघत व्हता."

बाईंचं पेन थांबलं.

"नाव लागंल म्हनून सही क्येली. पुढं दोन वर्सांनी रस्त्याकडंच्या वावराला भित घातली कुनीतरी, तवा कळलं जमीन इकली म्हनून. तलाठ्याकडं गेली तर म्हनला, तुमचं नाव हितं न्हाईच, मावशी."

पारूबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्याकडून काही सामान हरवलं तर माणूस सांगतो, तसं त्या सांगत होत्या. चहा झाला, तो त्यांनी दोघींना दिला. बाईंनी उरलेले सात प्रश्नही विचारले, क्रमाने, आणि उत्तरं लिहून घेतली. त्यांचं अक्षर फार वळणदार होतं. त्या पानावर ते वाकडं आलंय, हे मला शेजारून दिसत होतं.

परत येताना एक मोठा नवा फलक लागला. बाईंनी तो वाचला नाही. कामशेत यायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "मला ती आठवत नाही. चेहरासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या फायली काढून तो दस्त शोधला. मसुदा त्यांचा, खाली मसुदा करणार म्हणून सही त्यांची, आणि शेवटी ते वाक्य. त्या वर्षीची डायरीही सापडली. त्या दिवशी त्यांनी एकापाठोपाठ एक असे बरेच दस्त उरकले होते. मला दाखवताना त्या म्हणाल्या, "बघ, शुद्धलेखनाची एक चूक नाही."

पारूबाईंनी पुढे दुसऱ्या वकिलाकडून दावा लावला. आपल्याला फसवून सही घेतली, दस्त रद्द करा. आणि त्या वकिलाने मुलाणीबाईंना साक्षीदार म्हणून यायला विचारलं.

ह्यात मोठी अडचण होती. दत्तू हा बाईंचा अशील. अशिलाने वकिलाला जे विश्वासाने सांगितलं ते वकिलाला कधीच बाहेर काढता येत नाही. बाईंनी प्रश्न वर्गात मांडला, नावगाव न सांगता. दोन तट पडले. बँकेतला अधिकारी म्हणाला की वकिलाने गप्पच बसावं, सुरक्षित तेच. सर म्हणाले, बघून सांगतो. पुढच्या रविवारी बाईंनीच उत्तर आणलं. चार पानं, हाताने लिहिलेली.

"अशिलाने मला काय सांगितलं आणि मी अशिलाला काय सांगितलं, हे बंद. पण समोरच्या बाईला मी काय सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते माझं स्वतःचं आहे, सर. त्याच्यावर कुणाचं कुलूप नाही."

सर बराच वेळ ती पानं वाचत होते. मग म्हणाले, "मुलाणीबाई, कायद्याने तुम्ही बोलू शकता. पण तुम्हाला बोलावंच लागेल असं नाही."

"ते तर मलाही माहीत आहे," बाई म्हणाल्या.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मी एका दुपारी नोट्स द्यायला गेले तर युसूफभाईने मला दुकानातच गाठलं. "तुम्ही जरा सांगा ना आपाला. गप्प राहिली तर कोण विचारतंय? त्या गावांतनं आमचा भात येतो, आणि तिला काय, अभ्यास चाललाय." मी काही बोलायच्या आत दत्तूच आला आणि थेट बाईंच्या खोलीत गेला. मध्ये दार नव्हतं. युसूफभाई आणि मी दोघंही जागच्या जागी उभे राहिलो.

दत्तू खुर्चीत बसला नाही. "वकीलबाई, तुमी आमच्याकडनं व्हता."

"होते. म्हणून तू मला जे सांगितलंस त्यातलं अक्षर मी कोर्टात सांगणार नाही. जज्जनी विचारलं तरी नाही."

"मंग काय सांगनार तितं जाऊन?"

"मी काय केलं नाही, ते."

दत्तूने खुर्ची बाजूला सरकवली. मग म्हणाला, "समद्याच बहिनी सोडत्यात की, वकीलबाई. मी काय इपरीत मागितलं? आईला सांभाळलं मी, कर्ज फेडलं मी. पारू कवा आली व्हती दुखन्या-खुपन्याला?"

"हे तू तिला सांगायला पाहिजे होतंस. तिने ऐकून सोडलंही असतं. आपण दोघांनी तिला ऐकवलं नाही."

'आपण दोघांनी' हे त्याला लागलं असावं. तो निघाला. दुकानातून जाताना युसूफभाईने त्याला बस म्हटलं, तो बसला नाही.

साक्षीच्या दिवशी कारखान्याचं काही काम काढून मी कोर्टात गेले. बाईंनी कोट घातला नव्हता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या नेहमीपेक्षा ठेंगण्या दिसल्या. पारूबाई मागच्या बाकावर, दत्तू दुसऱ्या टोकाला. दत्तूचे वकील बाईंना वीस वर्षं ओळखत होते. उलटतपास त्यांनी सौम्यपणे सुरू केला, पण मग धार चढली.

"या दस्तात 'मजकूर वाचून, समजून' असं लिहिलंय. हे वाक्य कुणी लिहिलं?"

"मी."

"ते खरं आहे का?"

"नाही. तिला वाचायला वेळ दिला नाही. मी वाचून दाखवलं नाही."

"म्हणजे तुम्ही दस्तात खोटं लिहिता?"

"मी न तपासता लिहिलं."

"असंच वाक्य तुमच्या सगळ्या दस्तांत आहे ना?"

"हो."

"मग ते सगळे दस्त खोटे म्हणायचे का, बाई?"

हे एक उत्तर आपल्याला किती ठिकाणी भोवणार, हे बाईंना तिथल्या कुणापेक्षाही चांगलं कळत होतं. त्यांनी पदर सारखा केला.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. त्या बायकांना विचारावं लागेल. मी विचारायला सुरुवात केली आहे."

मागच्या बाकांवर कुजबूज झाली. जज्जनी उत्तर जसंच्या तसं नोंदवून घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं आणि अख्खी बाटली संपवली. "घसा इतका का कोरडा पडतो साक्षीदाराचा?" त्या म्हणाल्या. "आजपर्यंत मला वाटायचं, खोटं बोलतात म्हणून पडतो."

दस्ताचं काम त्यांच्याकडे येणं त्यानंतर जवळजवळ थांबलं. कुणीतरी त्यांच्याविरुद्ध वकिलांच्या परिषदेकडे तक्रार केली. तिला त्यांनी एका पानात उत्तर दिलं, सगळं कबूल करून. त्या तक्रारीचं पुढे काही झालं असेल तर मला माहीत नाही. बार रूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. युसूफभाई महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नाही. बाईंनी या कशाचीच वाच्यता केली नाही. तुम्हाला पश्चात्ताप होतो का असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "साक्ष दिल्याचा की दस्त केल्याचा? आधी प्रश्न नीट कर."

दाव्याचा निकाल लागलाच नाही. त्याआधी तडजोड झाली. विकलेली जमीन गेली ती गेली. वरच्या अंगाला उरलेल्या खाचरांपैकी नऊ गुंठे पारूबाईंच्या नावे करायचं ठरलं. हे ऐकून मी बाईंचं अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "पारूबाईंना भेटून आले मी. भावाच्या दारात आता पाणीसुद्धा विचारत नाहीत त्यांना. तेही लिहायला लागेल प्रबंधात."

तेही त्यांनी लिहिलं. प्रबंधात बायकांना अक्षरं होती, गावांना आकडे होते. एकच नाव सरळ छापलं होतं, मसुदा करणाऱ्याचं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "संशोधकाने स्वतःलाच पुरावा म्हणून वापरणं योग्य आहे का?" बाई म्हणाल्या, "नसेल सर. पण हा पुरावा मी सोडला असता तर दुसऱ्या कुणाला मिळाला नसता." परीक्षकांनी नमुना लहान असल्याचा शेरा मारला आणि 'ब' श्रेणी दिली. बाईंना ती पटली. नमुना लहानच होता, म्हणाल्या.

मसुदा त्यांनी बदलला. बदल दोनच. शेवटचं वाक्य काढून टाकलं, आणि त्या जागी बहिणीने स्वतःच्या हाताने किंवा स्वतःच्या तोंडाने, आपल्याला काय समजलं ते सांगायचं. ते तसंच उतरवायचं. त्याआधी भावाने बाहेर थांबायचं आणि कागद आठ दिवस बहिणीच्या घरी राहायचा. बरेच जण आठ दिवसांनी परत येत नसत. ते दुसऱ्या वकिलाकडे गेले की घरी बसून बोलले, हे बाईंना कळायला मार्ग नव्हता. पण काही परत येत. एक बहीण आली आणि म्हणाली, समजलं, तरी सोडते, माझं बरं चाललंय. तिचा दस्त बाईंनी आनंदाने केला.

त्या वर्षी भात कापून झाल्यावर पारूबाईंच्या नऊ गुंठ्यांची मोजणी निघाली. आदल्या दिवशी बाईंचा फोन आला, "उद्या मळवलीला सोडशील का? मोजणीला पंच म्हणून बोलावलंय."

"पारूबाईंनी?"

"दत्तूने," बाई म्हणाल्या. "म्हणाला, बाई असतील तरच मी सही करतो."

मी त्यांना गाडीने घेऊन गेले. वरच्या खाचरात नुसती कापलेली धाटं होती. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि बांधावरून चालत गेल्या. मोजणीदार यंत्र लावून उभा होता. एका बांधावर दत्तू, समोरच्या बांधावर पारूबाई, मध्ये रिकामं खाचर. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. खुणांचे दगड रोवले गेले. मोजणीदाराने गुडघ्यावर कागद धरून पंचनामा लिहिला आणि सह्यांसाठी पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला, खाचराच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. वाऱ्याने कागद फडफडत होता. एका ठिकाणी पारूबाईंच्या सासरचं आडनाव चुकलं होतं. बाईंनी थांबून ते दुरुस्त करायला लावलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. मोजणीदार कंटाळून आकाशाकडे बघत होता.

"समजलं?" त्यांनी पारूबाईंना विचारलं.

"समजलं."

"तुला?"

दत्तूने मान हलवली. बाई तशाच उभ्या राहिल्या, तेव्हा तो तोंडाने म्हणाला, "व्हय. समजलं."

दोघांनी सह्या केल्या. मला तिथून पुढे कुसगावला जायचं होतं आणि मोजणीदार कामशेतकडे निघाला होता, म्हणून बाई त्याच्या मोटारसायकलवर मागे बसल्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर फायलीचं ओझं घेऊन. गाडी उतारावरून शंभर पावलं गेली असेल नसेल, एकदम थांबली. बाई उतरल्या आणि चढण चढत परत यायला लागल्या. आम्ही तिघंही बघत राहिलो. आता काय चुकलं, असंच प्रत्येकाच्या मनात आलं असणार. वर येईपर्यंत त्यांना धाप लागली होती. त्यांनी फाईल उघडली, पंचनाम्याची एक प्रत काढली आणि पारूबाईंच्या हातात दिली.

"ही तुमची. माझ्याबरोबर चालली होती."

आणि माझ्याकडे पाहून मान हलवून त्या पुन्हा उतरून गेल्या. थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्याची बदली झाली, आम्ही नाशिकला आलो, आणि बाईंशी त्यानंतरचं बोलणं जे झालं ते फोनवरचंच. त्यामुळे मला त्या आठवतात त्या अशाच, पाठमोऱ्या, उतरणीवर जपून पाय टाकत मोटारसायकलकडे चाललेल्या. गाडी वळणाआड गेली. दत्तू खाली गावाकडे निघून गेला. पारूबाई मात्र त्या नऊ गुंठ्यांत उभ्या राहून, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, कागद वाचत होत्या.